निचऱ्याचा नळ



‘पाझर’ आणि ‘निचरा’ हे शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. परंतु शेतीच्या दृष्टीने त्यांत मोठा भेद आहे. जमिनीतून झिरपत येतो तो पाझर. नको असलेले पाणी वाट मिळून निघून जाते तो निचरा. वाट मिळाली नाही तर जमीन प्रथम पाणथळ होते, बाष्पीभवनाने क्षार वर येऊन खारवट होते आणि सोडियम वाढले की चोपण होऊन पडीक राहते. ही वाट देणाऱ्या साध्या नळाचा इतिहास हा माझा आजचा विषय होय.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात घोड्याच्या नालेसारखी कौले चरांत पालथी पुरत असत. त्यांचा तळ उघडा असे. ओल्या मातीत ती रुतत आणि गाळाने भरत. पुढे त्यांच्याखाली सपाट पट्टी आली. १८४३ साली जॉन रीड याने भाजलेल्या मातीचा गोल नळ पुढे आणला आणि १८४५ साली टॉमस स्क्रॅग याने असे नळ भराभर काढणारे यंत्र सिद्ध केले. गोल आकार मातीचा भार सर्व बाजूंनी पेलतो. शिवाय पाणी थोडे असले तरी ते तळाच्या अरुंद वळणात एकवटून वेगाने वाहते व गाळ पुढे नेते. पाणी आत शिरे ते नळांच्या सांध्यांतील बारीक फटींतून.

येथेच नळाची दोन कामे स्पष्ट होतात : पाणी आत घेणे आणि ते वाहून नेणे. वाहून नेण्याची क्षमता व्यास, उतार आणि आतील गुळगुळीतपणा यांवर ठरते. तोच उतार ठेवून व्यास दुप्पट केला, तर क्षमता सहापटीहून अधिक वाढते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेले प्लॅस्टिकचे वळीदार नळ हलके, लवचिक व मजबूत असतात. मात्र आतील वळ्या पाण्याला अडवतात, म्हणून व्यास थोडा मोठा धरावा लागतो. पाणी आत घेण्याचे गणित निराळे आहे. मोजक्या मोठ्या भोकांपेक्षा सभोवार विखुरलेली पुष्कळ बारीक भोके अधिक उपयोगी पडतात, कारण पाण्याला एकाच ठिकाणी गर्दी करावी लागत नाही. भोवती जाड वाळूचे किंवा कृत्रिम कापडाचे वेष्टन असले की गाळ बाहेर राहतो आणि पाण्याचा शिरकाव सुलभ होतो.

तथापि, उत्तम नळ म्हणजे उत्तम निचरा नव्हे, हा धडा दख्खनने दिला. १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने बारामतीकडे ऊस आणला आणि त्याबरोबर क्षारपड जमिनीही आणल्या. १९१० साली हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी या जमिनींवर अभ्यासपूर्ण पुस्तिका प्रसिद्ध केली. १९१६ पासून क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने मुंबई इलाख्यात हाच प्रश्न हाती घेतला. काळ्या मातीतून पाणी फार सावकाश सरकते. तिच्याखालच्या मुरमातून मात्र ते मोकळेपणे वाहते. म्हणून चर मुरमापर्यंत गेला तरच तो वरची जमीन सुकवतो, हे त्या कार्यातून स्पष्ट झाले. दोष पुष्कळदा नळात नसतो. तो पुरल्या जागेत असतो. सांगली जिल्ह्यात कृष्णा-वारणेच्या काठी शेतकऱ्यांनी सच्छिद्र नळ घालून अशा जमिनी पुन्हा लागवडीखाली आणल्या आहेत; पण तेथेही आधी मातीचा थर, मग नळ, हाच क्रम हिताचा ठरतो.

तिगाव, पांढुर्णा, सौसर हा आपला प्रदेश कापसाच्या काळ्या जमिनीचा व संत्र्याच्या बागांचा. संत्र्याच्या मुळांशी पाणी साचून राहिले की मूळकुज आणि डिंक्या यांना आयतेच आमंत्रण मिळते, आणि वर्षानुवर्षे जोपासलेली बाग डोळ्यांदेखत जाते. नळाची किंमत विचारण्यापूर्वी पावसाळ्यात एक खोल खड्डा खणून पाहावा : मुरूम किती खाली आहे, पाणी कोठपर्यंत उभे राहते आणि नळाचे तोंड कोणत्या नाल्यात मोकळे सोडता येईल. ही तीन उत्तरे हाती आल्यावर नळाचा व्यास व भोके ठरवणे कठीण नाही. ती नसतील, तर उत्तमातला उत्तम नळही मातीखाली निरुपयोगी पडून राहतो आणि बागेत पाणी तसेच उभे राहते.