मिन्स पाय
मिन्स पाय : इंग्लंडमध्ये मुख्यत्वे नाताळात केले जाणारे एक पक्वान्न. गव्हाच्या पिठाच्या पारीत सारण भरून वर दुसरी पारी बसवितात व ते भट्टीत भाजतात. वरची पारी नसलेल्या प्रकारास सामान्यतः टार्ट म्हणतात. मिन्स पाय आज गोड असला, तरी मूळचा तो मांसाचा आहे.

मध्ययुगीन पायची पारी जाड व कठीण असे. पुष्कळदा ती खाण्यासाठी नसून सारण भाजण्याचे व टिकविण्याचे पात्र म्हणूनच उपयोगी पडे. पेटी या अर्थी तिला ‘कॉफिन’ म्हणत. जर्व्हेस मार्कम याच्या द इंग्लिश हसवाइफ (१६१५) या ग्रंथातील पाककृतीत मेंढ्याच्या मांडीचे मांस, ३ पौंड चरबी, लवंग, जायपत्री, बेदाणे, मनुका, खजूर व संत्र्याची साल हे घटक आढळतात. मसाले व सुकी फळे आयात करावी लागत. त्यामुळे हे पक्वान्न सुबत्तेचे द्योतक ठरले.

नाताळास शास्त्राधार नाही, असे प्यूरिटन पंथीयांचे मत होते. १६४४ मध्ये नाताळ मासिक उपवासाच्या बुधवारी आला, तेव्हा पार्लमेंटने उपवासच पाळण्याचा आदेश दिला आणि १६४७ मध्ये हा सणच रद्द केला. त्या वर्षी कँटरबरी येथे दंगल उसळली. मिन्स पायवर कायद्याने बंदी होती, ही समजूत मात्र निराधार आहे. त्या आदेशात पायचा उल्लेख नाही. १६६० मधील राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतर सण पूर्ववत सुरू झाला.

अठराव्या शतकात वेस्ट इंडीजमधील मळ्यांतून येणारी साखर इंग्लंडमध्ये सर्वसामान्यांच्या आहारात आली. ही विपुलता आफ्रिकी गुलामांच्या श्रमांवर उभी होती. याच काळात पायमधील मांस मागे पडू लागले. हॅना ग्लास हिच्या पाकग्रंथात (१७४७) ते ऐच्छिक आहे, तर इझाबेला बीटन हिने (१८६१) मांसासहित व मांसविरहित अशा दोन्ही कृती दिल्या आहेत. पुढे मांसविरहित कृतीच रूढ झाली. गुरांची चरबी तेवढी पूर्वस्थितीची खूण म्हणून सारणात राहिली. आता तिच्याऐवजी वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थही वापरतात.