वस्तू आणि वास्तू : मराठी कुमारवयीन कथनातील मैत्रीची प्रतीके

प्रस्तावना :
वयात येणाऱ्या नायकाच्या कथेत मैत्रीचे प्रतीक सहसा हातात मावणारी वस्तू असते. मार्क ट्वेन यांच्या १८७६ च्या कादंबरीत टॉम सॉयर आपल्याजवळची मौल्यवान पितळी मूठ बेकीला देऊ करतो. मराठीतील दोन महत्त्वाच्या कादंबऱ्यांत मात्र हे कार्य वास्तू करते. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) व मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) यांच्या आधारे या वेगळेपणाचा ऐतिहासिक अर्थ पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बनगरवाडीतील तालीम :
औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर तरुण राजाराम मास्तर म्हणून रुजू होतो. परका असूनही तो वृद्ध कारभाऱ्याचा विश्वास संपादन करतो आणि गावकऱ्यांच्या श्रमातून तालीम उभी राहते. तिच्या उद्घाटनास राजेसाहेब येतात. या प्रसंगामागे इतिहासाचा आधार आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते होते व १९३९ मध्ये त्यांनी प्रजेच्या हाती कारभार सोपविणारी राज्यघटना दिली. त्यामुळे तालमीत मास्तर व वाडी यांच्या स्नेहाबरोबरच सामुदायिक कर्तृत्वावरील विश्वासही साकार होतो. पुढे दुष्काळाने वाडी ओस पडते.

'शाळा'तील अपुरी इमारत :
नववीतील मुकुंद, सुऱ्या, चित्रे व फावड्या हे मित्र बांधकाम अर्धवट राहिलेल्या इमारतीत जमतात. ती त्यांनी बांधलेली नाही आणि त्यांच्या मालकीचीही नाही. तथापि घर व शाळा यांच्या शिस्तीबाहेर मनमोकळे बोलण्यास त्यांना तेवढाच आडोसा आहे. कथेचा काळ आणीबाणीचा (१९७५-७७) असल्याने या मोकळ्या बोलण्यास विशेष मोल येते.

निष्कर्ष :
तालीम सर्वांनी मिळून उभारली. अपुरी इमारत मुलांनी केवळ आपलीशी केली. संस्थानी खेड्यातील तरुण समूहासाठी बांधतो, तर आणीबाणीच्या काळातील शाळकरी मुलगा समूहाच्या नजरेपासून दूर जागा शोधतो. या अंतरात तीन-चार दशकांचे सामाजिक परिवर्तन दिसते. भेटवस्तू जपून ठेवता येते, वास्तू मात्र सोबत नेता येत नाही. म्हणून या कादंबऱ्यांत मोठे होण्याची किंमत ती जागा मागे सोडूनच द्यावी लागते. पदवी वर्गात त्या शिकविताना प्रतीकांची केवळ यादी देण्यापेक्षा, ती जागा कोणी बांधली व ती कोणाची होती, हे विद्यार्थ्यांना विचारणे अधिक फलदायी ठरेल.