अंडी उत्पादन तपासणी कायदा (अमेरिका)

अंडी उत्पादन तपासणी कायदा हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा १९७० सालचा केंद्रीय कायदा आहे. फोडून कवचाबाहेर काढलेल्या अंड्यांपासून तयार होणाऱ्या द्रव, गोठवलेल्या व भुकटीरूप पदार्थांची शासकीय तपासणी या कायद्याने बंधनकारक केली. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या कार्यकाळात, २९ डिसेंबर १९७० रोजी तो संमत झाला.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी आणि ब्रिटनला पाठवण्यासाठी अमेरिकेत अंड्यांच्या भुकटीचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर झाले. पुढे बेकरी, आइस्क्रीम, मेयोनेज व शेवया यांच्या कारखान्यांतही तयार अंडी उत्पादने वापरली जाऊ लागली. साल्मोनेला हा जिवाणू अंड्याच्या कवचावर, तसेच काही वेळा आतही आढळतो. घरात एक अंडे दूषित निघाल्यास धोका एका कुटुंबापुरता राहतो. परंतु कारखान्यात हजारो अंडी एकाच टाकीत मिसळली जात असल्याने तेच अंडे संपूर्ण साठा दूषित करू शकते. या कायद्यापूर्वी कृषी खात्याची तपासणी ऐच्छिक स्वरूपाची होती.

प्रमुख तरतुदी

अंडी फोडणाऱ्या व त्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांना शासकीय मान्यता घ्यावी लागते. मान्यताप्राप्त उत्पादनाच्या वेष्टनावर तपासणीची मुद्रा व कारखान्याचा क्रमांक असतो. आयात मालासाठी निर्यातदार देशाची तपासणीव्यवस्था अमेरिकेच्या तोडीची असावी लागते.

पुरवठादारांकडील सदोष अंड्यांचे कायद्याने वर्गीकरण केले आहे. तडा गेलेली, पण आतील पापुद्रा शाबूत असलेली अंडी आणि मळकी अंडी ग्राहकाला थेट विकण्याऐवजी मान्यताप्राप्त कारखान्याकडे पाठवता येतात. सडलेली अथवा उबवणी यंत्रातून बाद झालेली अंडी खाद्य म्हणून वापरता येत नाहीत. ती नष्ट करावी लागतात किंवा रंग मिसळून खाण्यास अयोग्य करावी लागतात. अंड्यांची बांधणी करणारी केंद्रे व उबवणी केंद्रे यांना ठरावीक काळाने शासकीय भेट दिली जाते.

पाश्चरीकरण

जिवाणू मरावेत, परंतु अंडे शिजून घट्ट होऊ नये, अशा नेमक्या तापमानाची या प्रक्रियेत आवश्यकता असते. दीर्घकाळ लागू असलेल्या नियमांनुसार संपूर्ण अंड्याचा द्रव ६० अंश सेल्सिअसला साडेतीन मिनिटे ठेवला जाई. पांढरा बलक लवकर गोठतो, म्हणून त्याला सुमारे ५६.७ अंश तापमान पुरेसे मानले गेले. पांढऱ्या बलकाची भुकटी सुमारे ५४.४ अंश तापमानाच्या खोलीत सात दिवस ठेवण्याची पद्धत आहे. तयार मालात साल्मोनेला आढळता कामा नये, असा दंडक आहे.

अंमलबजावणीतील बदल

१९९५ मध्ये कारखान्यांच्या तपासणीचे काम कृषी खात्याच्याच अन्न सुरक्षा व तपासणी सेवेकडे आले. पूर्वी प्रक्रिया चालू असेपर्यंत निरीक्षकाची उपस्थिती आवश्यक असे. ऑक्टोबर २०२० च्या नव्या नियमांनी प्रत्येक पाळीत एकदा तपासणी पुरेशी ठरवली. त्याचबरोबर धोक्याच्या जागा स्वतः ओळखून त्यांवर लेखी नियंत्रण ठेवण्याची जबाबदारी कारखान्यांवर टाकली.

मर्यादा

अखंड अंड्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मुख्यतः अन्न व औषध प्रशासनाकडे, तर त्यांच्या प्रतवारीचे काम कृषी खात्याकडे आहे. ही विभागणी टीकेचा विषय ठरली आहे. २०१० साली साल्मोनेलाच्या उद्रेकामुळे आयोवा राज्यातील दोन उत्पादकांना ५० कोटींहून अधिक अंडी परत मागवावी लागली. त्यांच्याशी संबंधित क्वालिटी एग या कंपनीने, रोखून धरलेली अंडी सोडवण्यासाठी कृषी खात्याच्या निरीक्षकाला लाच दिल्याचा गुन्हा २०१४ मध्ये न्यायालयात कबूल केला. दूषित अंडी विकल्याच्या गुन्ह्यासह तिला २०१५ मध्ये सुमारे ६८ लाख डॉलर दंड झाला. नियमांइतकेच निरीक्षकाच्या सचोटीलाही महत्त्व असल्याचे या प्रकरणातून स्पष्ट झाले.