व्हय नाना

पुणतांब्याला गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षं जगलेल्या या योग्याची आख्यायिका प्रसिद्धच आहे. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले. ‘चिरंजीव’ लिहावं तर समोरचा ज्ञानाने थोर, ‘तीर्थरूप’ लिहावं तर वयाने पोर. शेवटी कोराच कागद गेला आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या.

कोरियन माणसाला हा पेच साध्या होकारातच सोडवावा लागतो. मित्राला ‘उंग’ चालतं, वडीलधाऱ्यांना ‘ने’ म्हणायचं, त्याहून औपचारिक हवं तर ‘ये’. पूर्वी यातलं ‘ये’ तेवढं प्रमाण धरलं जाई. 1988च्या प्रमाणभाषेच्या नियमांनी ‘ने’लाही पाटावर बसवलं.

मराठीचा होकार मुळात क्रियापद आहे. संस्कृतातलं ‘भवति’ प्राकृतात ‘होइ’ झालं आणि मराठीत ‘होय’. म्हणजे ‘आहे, तसंच आहे’. त्याच्यामागे ‘न’ लागला की ‘नव्हे’. ‘होय’च झिजून ‘हो’ झालं, खेड्यात ‘व्हय’ झालं. या शब्दात मानपान नाही, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं. जे आहे ते पाटलापुढेही आहे नि पोरापुढेही तेवढंच आहे.

मान मग वरून जोडावा लागला. ते काम ‘जी’ने केलं. तेराव्या शतकातलं ‘लीळाचरित्र’ उघडा. चक्रधरस्वामींशी बोलताना शिष्यांच्या तोंडी ‘जी जी’ सतत येतं. शके 1212मध्ये, पुणतांब्याच्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला ‘ज्ञानेश्वरी’ झाली, तिथेही श्रोत्यांना नि सद्गुरूंना आळवताना ‘जी’ आहेच. पुढे रोजच्या बोलण्यातून तो मागे सरला. दरबारी ‘जी हुजूर’ आणि ‘हांजी हांजी’ यांत त्याची अब्रू गेली, तशी ‘होयबा’त बिचाऱ्या ‘होय’चीही गेली. पण पोवाड्यात तो ताठ मानेने उभा राहिला. शाहिराची ओळ संपते, झीलकरी कानावर हात ठेवून ‘जी जी रं जी’ उचलतात, आणि ऐकणाऱ्याचा होकार सुरात येतो.

घरात आता ‘जी’ची जागा नात्याने घेतली आहे. ‘हो आत्या’, ‘व्हय नाना’, ‘होय अण्णा’. नुसतं ‘हो’ म्हटलं तर कोरडं वाटतं. नातं लावलं की त्यात अदब येते, आणि मायाही. कोरियनने जे एका शब्दात भरलं ते मराठीने दोन शब्दांत वाटून दिलं: खरं-खोटं पहिल्यात, माणूस दुसऱ्यात. ‘हं’ एवढ्यावर भागवणाऱ्या पोराला आजी अजून टोकते, “हं काय? हो म्हणावं.” आणि पोरगं म्हणतं, “हो आजी.”