सवडीची नोकरी आणि मोजणीचा अधिकार

वेळेची मोकळीक देणारी नोकरी कोठे मिळेल, हा प्रश्न आज हबीबगंजच्या घराघरांतून विचारला जातो. मुली विचारतात आणि आता मुलगेही. प्रश्न नवा भासतो. त्याचा इतिहास मात्र जुना असून बहुतांशी स्त्रियांच्या हातांनी घडलेला आहे.

आपले शहर वाढले ते ठरावीक वेळेच्या नोकरीवर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांतील अनेक मराठी कुटुंबे इकडे आली. पाठोपाठ अवजड विद्युत यंत्रांचा कारखाना उभा राहिला. कचेरीची वेळ आणि कारखान्याची पाळी यांभोवती संसार मांडले गेले. पुरुषाला ठरल्या वेळी घराबाहेर पडता येई, कारण उरलेले सारे घर दुसरे कोणी सांभाळीत असे.

ते सांभाळून ज्या स्त्रीला चार पैसे मिळवायचे असत, तिच्यासाठी या मुलखात एक काम फार पूर्वीपासून होते. ते म्हणजे विड्या वळणे. आपल्याकडे सागर, दमोह, जबलपूर. महाराष्ट्रात गोंदिया, भंडारा, सिन्नर, सोलापूर. ठेकेदाराकडून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा आणावयाचा, चूल आणि मुले यांतून सवड काढून विड्या वळावयाच्या आणि हजारी दराने परत द्यावयाच्या. यापेक्षा लवचीक काम कोणते दाखवावे! परंतु माल देताना ठेकेदार काही विड्या खराब म्हणून बाजूला काढी आणि त्यांचे पैसे देत नसे. पाने कमी भरली तर ती बाईने पदरमोड करून आणावीत. वेळ तिचा, मोजणी दुसऱ्याची.

१९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणाऱ्यांनाही कामगार मानले, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. तरीही भविष्य निर्वाह निधीचा वाद उरलाच. स्वतःच्या घरी, मनास येईल तेव्हा काम करणाऱ्या स्त्रीवर आमची देखरेख कोठे आहे, असा मालकांचा युक्तिवाद होता. पी. एम. पटेल अँड सन्स या खटल्यात न्यायालयाने १९८५ साली त्याला उत्तर दिले. तयार माल नापसंत करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याचे नियंत्रण आहेच. सबब या स्त्रिया निधीच्या हक्कदार आहेत. श्रमाच्या इतिहासात हा निकाल मला फार मोलाचा वाटतो.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवावे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तोच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. येथेही भिजवलेले पीठ घरी न्यावयाचे, लाटून वाळविलेले पापड केंद्रावर आणावयाचे, वजन करून मजुरी घ्यावयाची. येथेही तपासणी कडक. परंतु लाटणारी बहीण संस्थेची मालकही असते. नफातोट्यात तिचा वाटा असतो. काम तसेच घरचे, नाते मात्र वेगळे.

आपल्या भाषेत ‘सवड’ हा सुरेख शब्द आहे आणि ‘सवडशास्त्र’ हा खोचक. सवड कोणाची आणि शास्त्र कोणाचे, हे नोकरी धरताना विचारावे.

कचेऱ्यांत ही मोकळीक बरीच उशिरा आली. पश्चिम जर्मनीत म्युनिकजवळच्या एका विमान कंपनीने १९६७ साली येण्याजाण्याची सरकती वेळ लागू केली, असे सांगतात तेव्हा आपल्याकडील विडीवाली कोणाला आठवत नाही. आपल्या कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजेनंतर मालकाच्या संमतीने घरून काम करण्याची वाट ठेवली. संमतीवाचून ती नाही.

आज रेल्वे स्थानकाबाहेर (२०२१ पासून ते राणी कमलापतींच्या नावाचे आहे) मोबाइलवर निरोप येण्याची वाट पाहत तरुण दुचाकीवर बसलेले दिसतात. केव्हा काम करावे हे ते ठरवितात. दर, गुण आणि काम बंद करण्याचा अधिकार कंपनीकडे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, त्यांना प्रथमच कायद्यात नाव दिले. पण त्यांची व्याख्या करताना मालक-नोकर या रूढ नात्याच्या बाहेर कमाई करणारा असेच म्हटले. विडी वळणारीला त्या नात्याच्या आत जागा मिळाली होती, ती १९८५ साली.