मोबदला कोणाला?

मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत, तेव्हा टाटांनी पावसाच्या पाण्यावर वीज काढायचे ठरवले. घाटमाथ्यावर कोसळणारे पाणी अडवायचे आणि सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात सोडायचे. १९१५ मध्ये खोपोलीला अशी वीज निर्माण झाली. पुढचे पाऊल मुळा-निळा संगमावरच्या धरणाचे, म्हणजे मुळशीचे. पाणी भिऱ्याला उतरणार, वीज मुंबईला जाणार आणि मावळ्यांची आंबेमोहोराची खाचरे बुडणार. कंपनीने जमीन ताब्यात येण्याआधीच शेतांत खोदकाम सुरू केले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे कामाच्या जागी ठाण मांडून बसले. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांनी हा लढा चालवला. १९२४ च्या अखेरीस तो संपला आणि धरण झाले. या हकिगतीत एक बाब सहसा मागे पडते. मुळशीच्या बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या होत्या. चांगला भाव मिळाला तर त्यांची हरकत नव्हती. कसणाऱ्या कुळाला मात्र पैसा नको, जमीनच हवी होती. १८९४ चा भूसंपादन कायदा मोबदला ठरवताना मालकी हक्क पाही, घाम नव्हे. अन्याय तिथेच झाला, धरणाच्या भिंतीत नाही.

यावर कोणी म्हणेल, धूर नसलेली वीज तर मिळाली, आणि भरपाईही दिली गेली. दोन्ही खरे. पण मुंबईच्या लाभाचा हिशेब मांडताना मुळशीच्या कुळाचा रकाना कोराच राहिला. पुनर्वसनाचा राज्याचा कायदा यायला १९७६ साल उजाडले; तोवर कोयनेचे विस्थापितही दूरदूर पांगले होते. दुसरा आक्षेप आजच्या सौर विजेच्या बाजूने आहे आणि अधिक वजनदार आहे: सौर पट्ट्यांनी गाव बुडत नाही, शेतकऱ्याला भाडे मिळते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आहे, आणि कोरडवाहू जमिनीच्या मालकाला ते पीकपाण्यापेक्षा परवडतेही. मात्र भाडे सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. त्याच रानात खुरपणीला जाणाऱ्या मजुरणीची मजुरी बुडते, कुंपण पडले की मेंढपाळाची चराई बंद होते. गायरानाच्या सातबाऱ्यावर तर सरकारच मालक. तिथे चारणारा आणि अतिक्रमण करून कसणारा भूमिहीन कोणाच्याच यादीत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने कुळे आणि शेतमजूर यांनाही बाधित कुटुंबांत धरले, ही मुळशीपासूनची खरी प्रगती. पण तो कायदा सक्तीच्या संपादनाला लागतो. खाजगी भाडेकरार त्याच्या कक्षेत येत नाही, आणि सौर प्रकल्पांच्या कितीतरी जमिनी आज भाडेकरारानेच घेतल्या जात आहेत.