काळी, पांढरी आणि नांगराखालचा इतिहास

अकोल्याहून वाशीमकडे जाणारा मार्ग पातूरपाशी सपाट काळवट प्रदेश सोडून घाट चढू लागतो. या गावाच्या डोंगरात खडक कोरून केलेली लेणी आहेत आणि गावात शेख बाबू यांचा दर्गा आहे. त्या दर्ग्यावरूनच 'पातूर शेख बाबू' हे गावाचे जुने नाव रूढ झाले. लेणी आणि दर्गा आपापल्या जागी उभे आहेत आणि म्हणून अभ्यासकाला ते सहसा चकवीत नाहीत. ज्या वस्तू पायथ्याच्या शेतातून, नांगराच्या फाळास लागून वर येतात त्यांची गोष्ट निराळी आहे. नाणे, खापर, मणी, ताम्रपट ही सारी चल साधने होत. ती शेतातून उचलली गेली, की त्यांच्या साक्षीतील अर्धा भाग तेथेच राहून जातो.

हा अर्धा भाग कोणता, हे समजण्यास मराठी भाषेतील दोन शब्द उपयोगी पडतात. जुन्या कागदपत्रांत गावच्या भूमीचे 'काळी' व 'पांढरी' असे दोन भाग केलेले आढळतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. वऱ्हाडात हा भेद केवळ कारकुनी नाही, तो डोळ्यांना दिसतो. जेथे शतकानुशतके चुली पेटल्या, मातीच्या भिंती पडल्या व पुन्हा उभारल्या, शेण आणि राख साचली, तेथील माती भोवतालच्या रेगूर जमिनीपेक्षा फिकट होते. उत्खनक ज्याला वसाहतीचा थर म्हणतो, त्याला आपल्या कुणब्याने फार पूर्वीच नाव देऊन ठेवले होते. उजाड गावाला आपण 'बेचिराख' म्हणतो. मूळ फारसी शब्द 'बे-चिराग', म्हणजे दिवा नसलेले. महसुली दप्तरातील हा शब्द लोकांच्या तोंडी येताच त्यातील 'चिराग' लोपला आणि 'राख' शिरली. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही चूकच होय. परंतु पांढरीची माती ज्याने हाताळली आहे तो या चुकीस हसणार नाही.

याच पांढरीमुळे शेतातील अवशेष अभ्यासकास फसवितात. जुन्या गावठाणाची माती खतासाठी शेतात नेऊन टाकण्याची आणि धाब्याच्या घरांच्या छपरांना व भिंतींना वापरण्याची चाल जुनी आहे. मातीबरोबर तीतील खापरे, मणी आणि नाणीही गाडीत चढतात. त्यात काळ्या जमिनीचा स्वभाव असा, की उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून त्या भेगा मिटवते. वर पडलेली वस्तू खाली जाते व खालची वर येते. म्हणून एकाच तासात सातवाहन नाण्याशेजारी बहमनी नाणे सापडले, तर तेथे हजार वर्षे अखंड वस्ती होती असे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. कदाचित तेथे वस्ती कधीच नसेल. एखाद्या गाडीवानाने ती तेथे आणून ओतली असेल.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण अचलपूरजवळील चमक या गावाचे आहे. १८६८ च्या सुमारास तेथे शेत नांगरीत असता वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. त्याच्या अठराव्या राज्यवर्षात दिलेल्या या दानलेखात भोजकट राज्यातील, मधुनदीच्या काठचे 'चर्माङ्क' नावाचे गाव एक सहस्र ब्राह्मणांस दिल्याचे नमूद आहे. प्रत्यक्षात नावे एकोणपन्नासच दिली आहेत. जमिनीचे मापही दिले आहे: राजमानाने आठ सहस्र भूमी. दान बिनशर्त नाही. राज्याशी द्रोह, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार केल्यास, इतर गावांना उपद्रव दिल्यास, ते परत घेतले जाईल असे राजा बजावतो. म्हणजे ज्या गावाचे दान झाले, त्याच गावाच्या मातीत दानपत्र चौदाशे वर्षे पडून होते.

आता केवळ 'चमक' हे नाव घेऊन कोणी व्युत्पत्ती शोधू लागला असता, तर तो 'चमकणे' या क्रियापदापाशीच थांबला असता. ध्वनिनियमांची मदतही मर्यादितच झाली असती. संस्कृत 'कर्म' पासून प्राकृत 'कम्म' व मराठी 'काम'. तसेच 'चर्म', 'चम्म', 'चाम'. या वाटेने 'चामक' असे रूप अपेक्षावे लागते, 'चमक' नव्हे. आमच्या मते येथे उलट शक्यता विचारात घेणे इष्ट आहे: गावाचे बोलीतील नाव 'चम्मक' सारखे काही असावे आणि राजाच्या लेखकाने त्यास 'चर्माङ्क' हे संस्कृत वस्त्र नेसविले असावे. १९३९ मध्ये उजेडात आलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या वाशीम ताम्रपटाने या तर्कास थोडे बळ मिळते. प्रवरसेनाहून जुन्या असलेल्या त्या पटात वंशावळ संस्कृतात आहे, पण पुढे दानाचा व्यवहार सुरू होताच भाषा प्राकृत होते आणि गावाचे नाव 'आकासपद्द' असे प्राकृत रूपातच येते. कुळाचा गौरव एका भाषेत, जमिनीची बाब दुसरीत. ही विभागणी पुढे मोडली, तेव्हा ग्रामनामांचे काय झाले असेल, हा प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी अवश्य हाती घ्यावा. चमक येथील पट जर एखाद्या तांबटाच्या दुकानात, ठावठिकाणा न कळता मिळाला असता, तर हा प्रश्न आज इतक्या खात्रीने मांडताच आला नसता. नावाने पटाला आणि पटाने नावाला ओळख दिली, ती जागेमुळे.

वाशीमच्या पटाने तर वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचाच उलगडा केला. त्यानंतर म. म. वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेला लेख पुन्हा तपासला व पूर्वीच्या वाचकांना न दिसलेले सर्वसेनाचे नाव त्यात वाचले. त्याच १९३९ साली मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळे येथे सातवाहनांच्या सुमारे १,६०० पोटीन नाण्यांचा साठा मिळाला. पुराणांत न आढळणारी कुंभ, कर्ण, शक ही सातकर्णींची नावे मिराशींनी त्यावरून पुढे आणली. हा साठा एकत्र राहिला म्हणूनच हे शक्य झाले. सुटी नाणी सराफाकडे गेली असती, तर हे राजे पुन्हा वितळले असते.

जागेच्या नोंदीची उणीव किती महाग पडते ते दायमाबादने दाखविले. १९७४ मध्ये तेथे झुडपाचे मूळ खणताना एका शेतकऱ्यास हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलगाडी अशी ब्राँझची चार शिल्पे मिळाली. पुढे शां. अ. साळी यांनी तेथे विस्तृत उत्खनन केले. तरी ही शिल्पे उत्तर हडप्पाकालीन मानावीत की नाही, यावर विद्वानांत मतभेद झाला, कारण ती थरातून पद्धतशीरपणे बाहेर आलेली नव्हती. धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरूनही शंका घेतल्या गेल्या. रसायनाला जो प्रश्न सोडवावा लागला, तो चार हात मातीच्या नोंदीने बहुधा उद्भवलाच नसता.

गंमत अशी, की १८७८ चा निखात निधीविषयीचा कायदा हेच मागतो. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे. त्यात निधीचे स्वरूप, सापडल्याची जागा आणि तारीख द्यावी. शेतकरी बहुधा कळवीत नाही, कारण शेत अडकेल ही त्याची भीती. आणि ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणवत नाही. पण ज्यांना ही भीती नाही त्यांचे काय? एका संग्रहात नाण्यांच्या पुडीवर 'वऱ्हाड' एवढा एकच शब्द लिहिलेला आम्ही पाहिला आहे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण शेतकरी कुटुंबातून येतात. वऱ्हाडात शेताला केवळ गट क्रमांक नसतो, नावही असते आणि ते घरच्यांना ठाऊक असते. वस्तू दिसल्यास ते नाव, गट क्रमांक, शेतात पूर्वी पांढरीची माती टाकली होती काय, आणि वस्तू किती खोलीवर मिळाली, इतके चार शब्द त्याच दिवशी वहीत उतरवून घ्यावेत. चमकच्या पटाबद्दल फ्लीटच्या टिपणातून आपणांस गाव कळते. शेत कोणते, ते कळत नाही.